‘अंगावरून वारं गेलं’ असं शोधणाऱ्याला पक्षाघाताचे पान सापडले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी खाती, जिल्हा परिषदा, महापालिका, स्वयंसेवी संस्था आणि आपल्यासारखी दैनिके यांनी गेल्या काही वर्षांत आरोग्याची आणि समाजकल्याणाच्या योजनांची पुष्कळ माहिती मराठीत वेबसाइटवर आणली आहे. ती बहुतेक वेळा बरोबर असते, पण गरज असलेल्या माणसाला सापडत नाही. त्याचे मोठे कारण पानांना लावलेले टॅग, म्हणजे पान कशाचे आहे हे सांगणारे खुणेचे शब्द, हे आहे. मजकूर लिहून, तपासून, चित्र लावून होते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ‘आरोग्य’, ‘योजना’, ‘महत्त्वाचे’, ‘हेल्थ’ असे चार शब्द टाकून पान चढवले जाते. आरोग्याच्या वेबसाइटवर ‘आरोग्य’ हा टॅग म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या प्रत्येक डब्यावर ‘किराणा’ अशी चिठ्ठी लावण्यासारखे आहे. हे काम कसे करावे, याबद्दल आम्हाला नेमके काही सांगायचे आहे.

लेख लिहिणाऱ्याच्या हातून ‘पक्षाघात’ हा शब्द पडतो. डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात. शालेय पुस्तकांतून आलेला शब्द ‘अर्धांगवायू’. घरात मात्र ‘लकवा मारला’, ‘पॅरालिसिसचा झटका आला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असेच बोलले जाते, आणि हल्ली फोनला बोलून विचारायची सोय झाल्याने हेच शब्द जसेच्या तसे शोधात येतात. पानावर यांपैकी एकच शब्द असेल तर बाकीचे सारे शोध रिकाम्या हाताने परततात. हीच गत फिट, आकडी, मिरगी, फेफरे आणि अपस्मार यांची, तशीच हगवण, जुलाब, ढाळ आणि अतिसार यांची. ‘अंग बाहेर येणे’ हा गर्भाशय खाली सरकण्याच्या त्रासासाठी बायका सर्रास वापरतात तो शब्द तर कोणत्याच अधिकृत पानावर बहुधा नसतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक पानाला दहा-बारा शब्द चिकटवणे, ही दुसरी चूक. मग एका पानावर ‘लकवा’, दुसऱ्यावर ‘पॅरालिसिस’, तिसऱ्यावर ‘अर्धांगवायू’ असे होते. एका टॅगवर टिचकी मारली की तीन पाने दिसतात आणि बाकीची नऊ दडून राहतात. योग्य पद्धत अशी की एका कल्पनेचा एकच टॅग असावा आणि बाकीचे शब्द त्या टॅगच्या पोटात पर्याय म्हणून नोंदलेले असावेत. वाचकाने पोटातला कोणताही शब्द लिहिला तरी त्याला त्याच टॅगवर पोचवायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘मेश’ ही वैद्यकीय विषयांची शब्दसूची १९६० मध्ये सुरू केली, ती याच तत्त्वावर चालते आणि दरवर्षी सुधारली जाते. पण ती संशोधकांसाठी आहे. तिचे मराठी भाषांतर करून आपले काम होणार नाही, कारण ‘वारं गेलं’ तिच्यात नाही.

यादीतली एक नोंद जवळून पाहू. तिला आधी एक क्रमांक द्यावा, समजा ०४७. मग दाखवायचे नाव: पक्षाघात. मग एका ओळीची व्याख्या: ‘मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने आलेला झटका व त्यानंतरचे लुळेपण, पोलिओमुळे आलेले लुळेपण यात धरू नये.’ मग पर्यायी शब्द: अर्धांगवायू, लकवा, पॅरालिसिस, स्ट्रोक, ब्रेन स्ट्रोक, ब्रेन ॲटॅक, अंगावरून वारं जाणे, वारं गेलं, तोंड वाकडं होणे. शेवटी शेजारचे टॅग: उच्च रक्तदाब, फिजिओथेरपी, शय्याव्रण (अंथरुणाला खिळल्याने पाठीला होणाऱ्या जखमा). पानाशी शब्द न जोडता क्रमांक जोडायचा. कारण शब्द बदलतात. ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आले, ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक दिव्यांग’ आले, ‘महारोग’ जाऊन ‘कुष्ठरोग’ आला. क्रमांक जोडलेला असेल तर दाखवायचे नाव एका जागी बदलले की शेकडो पानांवर बदलते. जुना शब्द मात्र पर्याय म्हणून आत राहू द्यावा, नुसता कोठे दाखवू नये. एखादी म्हातारी बाई आजही ‘महारोग’ असेच म्हणेल, आणि तिलाही उपचाराचे पान मिळाले पाहिजे.

व्याख्येची ती एक ओळ लोकांना फालतू वाटते. मराठीत तिची गरज जास्तच आहे. ‘गर्भपात’ हा शब्द घ्या. आपोआप मूल पडणे आणि वैद्यकीय गर्भपात करून घेणे, दोन्हींना आपण हाच शब्द वापरतो. एकच टॅग ठेवला तर नुकतेच मूल गमावलेल्या बाईसमोर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातली २०२१ ची २४ आठवड्यांची दुरुस्ती येऊन उभी राहते. हे दोन वेगळे टॅग हवेत: ‘आपोआप झालेला गर्भपात’ आणि ‘वैद्यकीय गर्भपात’. बोलीने हा भेद पूर्वीच केला आहे, ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’. तो जसाच्या तसा पर्यायांत घ्यावा. ‘पिशवी साफ करणे’ आणि ‘पिशवी काढणे’ या दोन गोष्टीही अशाच वेगळ्या ठेवायच्या. ‘पिशवी’ एवढ्याच शब्दाला टॅग करू नये.

आरोग्य आणि समाजकल्याण एकाच वेबसाइटवर असले की आणखी एक गोंधळ होतो. ‘साखर’ लिहिले की मधुमेहही येतो आणि रेशनवरची साखरही. ‘आधार’ लिहिले की आधार कार्ड, व्यसनमुक्तीचा आधार गट आणि ‘निराधार’ अनुदान या तिन्ही गोष्टी एका रांगेत येतात, कारण शोधयंत्र ‘निराधार’मधला ‘आधार’ही उचलते. ‘नागीण’ हा त्वचेचा आजार आणि सर्पदंशाच्या पानावरची नागीण, यांतला फरक माणसाला सांगावा लागत नाही, यंत्राला लागतो. ‘डोळे आले’ या दोन शब्दांतला एकही शब्द सुटा उपयोगाचा नाही. असे शब्द कधीच मोकळे ठेवू नयेत, जोडीनेच ठेवावेत: ‘रक्तातली साखर’, ‘रेशनची साखर’, ‘आधार कार्ड’, ‘नागीण त्वचारोग’, ‘डोळे येणे’.

आता लेखनाचा भाग, आणि इथे सर्वांत जास्त पाणी मुरते. मराठी नाम विभक्तीत गेले की त्याचे रूप बदलते. ‘डोळा’ शोधणाऱ्या यंत्राला ‘डोळ्यांचे’ ओळखता येईलच असे नाही. म्हणून टॅग नेहमी मूळ रूपात असावा; ‘मधुमेहींसाठी’, ‘बाळाचे’ असले टॅग ठेवू नयेत. आजाराचे नाव एकवचनी आणि माणसांच्या गटाचे नाव अनेकवचनी, असा नियम एकदा ठरवला की रोजचा वाद मिटतो. ऱ्हस्व-दीर्घाची अडचण निराळी. नियमाप्रमाणे ‘प्रसूती’ सुटा लिहिताना दीर्घ, पण ‘प्रसूतिगृह’ समासात ऱ्हस्व. ‘निवृत्तिवेतन’ नियमाप्रमाणे बरोबर, पण सरकारी कागदांवर सर्रास ‘निवृत्तीवेतन’ असते. ‘रुग्ण’चे ‘रूग्ण’ तर सगळीकडेच झालेले आहे. दाखवायचे नाव शुद्धच असावे, पण चुकीची रूपेही पर्यायांत घालावीत. शोधणाऱ्याचे शुद्धलेखन तपासणे हे आरोग्याच्या वेबसाइटचे काम नव्हे. डेंगी, डेंग्यू, डेंगू. कॅन्सर, कॅंसर, कँसर, कर्करोग. सिकलसेल, सिकल सेल, सिकल-सेल: ही सगळी रूपे आत हवीत.

डोळ्यांना न दिसणारी चूक वेगळीच असते. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी टंकता येते: एकदा नुक्तावाला ‘ऱ’ घेऊन आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राला ‘वाऱ्याचा झटका’ हे दोन वेगवेगळे शब्दसमूह वाटतात. ‘ॲम्ब्युलन्स’चा ‘ॲ’ तर तीन प्रकारे लिहिला जातो: एकसंध अक्षर म्हणून, ‘अ’वर नुसता चंद्र देऊन, किंवा मध्ये जोडचिन्ह घालून. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीचा मजकूर दुसऱ्या तऱ्हांनीच टंकलेला आहे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची युनिकोडची नेहमीची प्रक्रिया (सामान्यीकरण) या जोड्या एक करत नाही. प्रोग्रामरला सांगून तीन-चार बदल हाताने लिहून घ्यावे लागतात: सर्व ‘ॲ’ एकसंध, सर्व ‘ऱ्या’ एकाच तऱ्हेचे, शब्दाच्या आगेमागे राहिलेली मोकळी जागा आणि अदृश्य चिन्हे काढून टाकलेली. हा बदल टॅग साठवताना करायचा आणि वाचकाने शोध लिहिल्यावर पुन्हा करायचा. एकाच बाजूला केला तर उपयोग नाही. शासन निर्णयांच्या बाबतीत तर आणखी काळजी हवी. जुन्या निर्णयांच्या पीडीएफ एक तर स्कॅन केलेल्या असतात किंवा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये. त्यांच्या आत शोधताच येत नाही. टॅग, शीर्षक आणि निर्णयाचा सांकेतांक एवढेच त्यांना धरायला हात असतात.

विषय हा टॅगचा एकच पैलू झाला. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकांसाठी कोलन वर्गीकरण मांडले तेव्हा एका पुस्तकाकडे अनेक पैलूंनी पाहण्याची रीत घालून दिली. वेबसाइटला ती पुस्तकांहूनही जास्त लागू पडते. आरोग्य व कल्याणाच्या पानाला किमान पाच पैलू हवेत. विषय कोणता, कोणासाठी, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या जिल्ह्यात, आणि वाचकाला हवे काय: समजून घ्यायचे आहे, अर्ज करायचा आहे, पत्ता हवा आहे की तक्रार करायची आहे. या पाचांतल्या विषयासाठी तीन ते सहा टॅग पुरतात. बाकीच्या चार पैलूंत यादीतून निवड करणे सक्तीचे ठेवावे आणि मोकळी टंकायची जागाच देऊ नये.

‘टप्पा’ हा पैलू लोक विसरतात. झटका आल्याच्या पहिल्या तासांत हवे असलेले पान आणि सहा महिन्यांनी हवे असलेले पान, दोन्हींचा विषय पक्षाघातच. पहिल्याला ‘तातडी’ हा टॅग हवा, आणि तो लागला की पानाच्या माथ्यावर १०८ आपोआप दिसले पाहिजे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. दुसऱ्या पानावर दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, पाठीला होणाऱ्या जखमा, नळीने भरवणे, वॉकर कोठे मिळतो, अशी माहिती असते. त्याला ‘घरची शुश्रूषा’ हा टॅग. तातडीच्या यादीत हे दुसरे पान पहिल्या क्रमांकावर आले तर ते माहितीपूर्ण असूनही घातक आहे.

‘कोणासाठी’ या पैलूत ‘ज्येष्ठ नागरिक’ हा टॅग एकट्याने काही सांगत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वयाची अट ६०. श्रावणबाळ योजनेत ६५, आणि त्याआधीच्या वयाला संजय गांधी निराधार अनुदान. एसटीत अर्धे तिकीट ६५ पासून, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड ७० पासून. म्हणून वयाचा टॅग आकड्यात ठेवावा: ६०+, ६५+, ७०+, ७५+. म्हणजे ६७ वर्षांच्या माणसाला त्याच्या कामाचीच पाने दाखवता येतात. याच पानांवर बोलीतले शब्दही घालायला हवेत, कारण गावात ‘निवृत्तिवेतन’ कोणी म्हणत नाही. ‘निराधारचा पगार’, ‘श्रावणबाळचे पैसे’ असेच म्हणतात.

आरोग्य आणि कल्याण यांच्या सीमेवरची पाने सर्वांत जास्त हुकतात. सिकलसेल हे त्याचे चांगले उदाहरण. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. पान लिहिणारा त्याला ‘रक्ताचे आजार’ असा टॅग लावतो आणि मोकळा होतो. पण १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया आले. तेव्हा या पानाला ‘दिव्यांगत्व प्रमाणपत्र’ आणि ‘युडीआयडी’ (दिव्यांगांचे ओळखपत्र) हेही टॅग हवेत, नाहीतर आईबापांना प्रमाणपत्र काढता येते हेच कळत नाही. क्षयरोगाच्या पानाला ‘पोषण साहाय्य’ हा टॅग हवा, कारण निक्षय पोषण योजनेची रक्कम थेट रुग्णाच्या खात्यात येते. खात्याप्रमाणे टॅग लावले की हे जोड तुटतात. व्हीलचेअर रुग्णालयातून मिळते, समाजकल्याणातून की ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून, हे अर्जदाराला माहीत नसते. ते सांगण्यासाठीच पान असते. खात्याचे नाव पानात असू द्या, टॅगमध्ये ‘व्हीलचेअर’ हवे.

जुनी नावे आणि जुने आकडे यांचाही बंदोबस्त टॅगमधूनच होतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावे बदलली, पण लोकांच्या जुन्या कार्डांवर तीच आहेत. त्यामुळे जिल्ह्याचा टॅगही क्रमांकाने जोडावा आणि नुसते ‘नगर’ हा पर्याय जपून द्यावा, नाहीतर ‘संभाजीनगर’ आणि ‘नगर परिषद’ दोन्ही ओढून आणेल. रकमेचा किंवा पात्रतेचा उल्लेख असलेल्या प्रत्येक पानाला ‘रक्कम तपासा’ असा आतला, वाचकाला न दिसणारा टॅग लावावा. २०२३ मध्ये निराधार व श्रावणबाळचे मासिक अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले, नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषणचे ५०० चे १,००० झाले. असा टॅग असेल तर एका यादीत सगळी जुनी पाने समोर येतात. नसेल तर वेबसाइटच्या कोठल्या तरी कोपऱ्यात जुना आकडा वर्षानुवर्षे राहतो आणि तहसील कार्यालयाच्या खिडकीशी भांडण लावतो.

टॅग कधी लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पानात एखाद्या विषयाचा उल्लेख असणे वेगळे आणि पान त्या विषयाचे असणे वेगळे. पक्षाघाताच्या पानात ‘रक्तदाब ताब्यात ठेवा’ असे एक वाक्य असले म्हणून ते रक्तदाबाचे पान होत नाही. कसोटी सोपी आहे: या टॅगवर टिचकी मारून आलेल्याचे या पानावर समाधान होईल का? हल्ली यंत्राकडून टॅग सुचवून घेतात. त्याला हरकत नाही, पण मंजुरी माणसाने द्यावी. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हा आजार आनुवंशिक नाही’ या वाक्यावरून यंत्र खुशाल ‘आनुवंशिक आजार’ असा टॅग सुचवते.

काही टॅग दुखावू शकतात. एचआयव्ही, मानसिक आजार, घरगुती हिंसा, लैंगिक आजार यांची पाने घरातल्या सामाईक फोनवर उघडली जातात. पानाच्या पत्त्यात टॅगचे नाव न घालता क्रमांक घालावा. हे टॅग जाहिरातींसाठी वापरू नयेत आणि ‘तुम्ही हेही वाचले होते’ अशा यादीतून वगळावेत. ‘आत्महत्या’ या टॅगला तर ‘संबंधित बातम्या’ आपोआप जोडणे बंदच ठेवावे. तेथे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रथम दिसावा. दैनिकांच्या वेबसाइटवर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मदतीचा लेख आणि घटनेचे तपशील देणारी बातमी तेथे एकाच टॅगखाली जमा होतात.

ही यादी तयार करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पाच-सहाशे पानांच्या वेबसाइटला दीडशे ते दोनशे विषय-टॅग पुरतात. सुरुवात आपल्याच वेबसाइटवरच्या शोधांच्या नोंदीपासून करावी: मागच्या तीन महिन्यांत ज्या शब्दांना शून्य पाने मिळाली ते शब्द आधी काढावेत. मग आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडीताई आणि दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवरची माणसे यांना एकच प्रश्न विचारावा: लोक आल्यावर पहिले वाक्य काय बोलतात? मेळघाटात त्या वाक्यात कोरकू शब्द असेल, गडचिरोलीत गोंडी. तेही पर्यायांत येऊ द्यावेत. यादी झाली की चाळीस पाने दोघांना स्वतंत्रपणे टॅग करायला द्यावीत. चारांतल्या तीन वेळाही दोघांचे जमले नाही तर दोष माणसांचा नसतो, व्याख्येच्या ओळींचा असतो. त्या दुरुस्त कराव्यात. नवा टॅग वाढवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. दर तीन महिन्यांनी एकाच पानाला लागलेले आणि शंभराहून जास्त पानांना लागलेले टॅग तपासावेत: पहिले बहुधा कोणाच्या तरी टंकनाच्या चुका असतात, दुसरे इतके ढोबळ की फोडायला हवेत.

आमची सूचना अशी की प्रत्येकाने वेगळी यादी न करता राज्यासाठी एक मराठी यादी खुली ठेवावी. जिल्हा परिषद, संस्था किंवा वृत्तपत्र कोणीही ती उतरवून घ्यावी आणि नवे बोलीशब्द तिच्यात कळवावेत. आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीचे जुने लेखही त्यात उपयोगी पडतील. सगळे एकदम हाती घेणे जमत नसेल तर आधी पावसाळ्याचे लेख घ्यावेत. त्यांत डेंगी, हिवताप, कावीळ, लेप्टो, विंचूदंश आणि सर्पदंश येतात. हे पन्नास-साठ लेख दोन माणसांनी चार दिवस बसून होण्यासारखे आहेत, आणि सर्पदंशाच्या टॅगमध्ये ‘साप चावला’, ‘पान लागलं’, ‘जनावर चावलं’ हे तीनही शब्द मेअखेरपर्यंत घालून झालेले असावेत.

आपले,
ग्रंथपालन व आरोग्यशिक्षण या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे